सिस्टर इन-चार्जला ॲडमिनिस्ट्रेटर व्हायचंय, एमएचए करावं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या एका ट्रस्टच्या दीडशे खाटांच्या हॉस्पिटलात नऊ वर्षं नोकरी, त्यातली शेवटची चार मेडिसिन वॉर्डची इन-चार्ज म्हणून. बीएस्सी नर्सिंग, वय ३२, मुलगी पहिलीत. मॅनेजमेंटकडे वळायचंय. एमएचए (हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनची मास्टर्स पदवी) करावं, हेल्थकेअरचं एमबीए करावं, की एमएस्सी नर्सिंग? ऑनलाइन केलं तर चालेल का? आणि अगदी शेवटी एक ओळ: "की नर्सला ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कुणी घेतच नाही?"

ताई, मला वाटतं वरच्या सगळ्या ओळी त्या शेवटच्या ओळीसाठी लिहिल्या आहेत. कोर्सची माहिती प्रॉस्पेक्टसमध्ये मिळते, ती मला विचारायची गरज नव्हती. तुमची धास्ती वेगळी आहे. दोन वर्षं आणि काही लाख रुपये घालून परत आलात आणि तरी लोक म्हणाले, "सिस्टर, जरा चार नंबरचं सलाईन बघा," तर? म्हणून उत्तर तिथूनच सुरू करतो.

मी तुमच्या उलट्या बाजूने या धंद्यात आलो. बी.कॉम. झालो आणि १९९८ साली सोलापुरात एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरवर बसलो. सात वर्षं पावत्या फाडल्या. मग २००५ मध्ये नोकरी सोडून एमएचएला गेलो. आज हॉस्पिटलचं रोजचं कामकाज बघतो. मला पैसा कळत होता, वॉर्ड कळत नव्हता. तुम्हाला वॉर्ड कळतो आणि पैसा कुणी दाखवलेला नाही. नर्सला घेतात की नाही, याचं माझं उत्तर या फरकातच आहे: घेतात, पण मुलाखतीत जी नर्स फक्त पेशंट केअरबद्दल बोलते तिला नर्सिंगच्याच खुर्चीकडे पाठवतात. जी म्हणते, "माझ्या वॉर्डचा महिन्याचा कन्झ्युमेबल्सचा, म्हणजे सिरिंज-ग्लोव्हजचा, खर्च इतका होता, तो मी असा खाली आणला," तिच्याकडे समोरचा माणूस पेन खाली ठेवून बघतो. हे मी टेबलाच्या त्या बाजूला बसून कितीदा तरी पाहिलंय.

आता जे परिस्थितीवर अवलंबून आहे ते आधी कबूल करतो. डॉक्टर-मालकांच्या तीस-चाळीस खाटांच्या हॉस्पिटलात ॲडमिनिस्ट्रेटरची खुर्ची बहुतेक वेळा घरातच असते. डॉक्टरांच्या मिसेस किंवा वीस वर्षांपूर्वीचे अकाउंटंट काका ती सांभाळतात. तिथे पदवीला फारसा भाव नाही. सरकारी रुग्णालयात वैद्यकीय अधीक्षक डॉक्टरच असतो आणि नर्सिंगची शिडी वेगळी: अधिपरिचारिका, परिसेविका, अधिसेविका. त्या शिडीवर एमएचएने उडी मारता येत नाही. मोठ्या कॉर्पोरेट साखळ्यांमध्ये दार उघडं आहे, पण पहिली पायरी खालची असते. सुरुवातीचा पगार आजच्या इन-चार्जच्या पगाराएवढा, कधी त्याहून थोडा कमीही निघतो. हे आधीच माहीत असलेलं बरं, नाहीतर पहिल्या ऑफर लेटरलाच तोंडाची चव जाते. ट्रस्टचं मध्यम हॉस्पिटल, म्हणजे तुमचं, ही माझ्या मते सगळ्यात चांगली जागा आहे. मात्र तिथे ट्रस्टींचं मन हा एक स्वतंत्र विषय असतो. त्यावर पुढे येतो.

पदव्यांचं पटकन उरकतो. एमएस्सी नर्सिंग ही शिकवण्याकडे आणि मेट्रनच्या, म्हणजे नर्सिंगप्रमुखाच्या, खुर्चीकडे जाणारी वाट. नर्सिंगमध्येच वर जायचं असेल तर तीच करा, त्यात कमीपणा काहीच नाही. हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनमध्ये एमडी असते, दिल्लीच्या एम्समध्ये आणि पुण्याच्या एएफएमसीत, म्हणजे सैन्यदलांच्या मेडिकल कॉलेजात, पण ती एमबीबीएस झालेल्यांसाठी. तुमच्यासाठी एमएचए किंवा हॉस्पिटल-हेल्थकेअरचं एमबीए. दोन्ही दोन वर्षांची. नावातल्या फरकावर लोक तासन्‌तास वाद घालतात, मी घालत नाही. मुंबईत टिसचं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसचं) एमएचए आहे, पुण्यात सिम्बायोसिसचं एमबीए आहे, जयपूरला आयआयएचएमआर ही संस्था १९८४ पासून याच विषयात आहे. एमपीएच हा सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास, त्यात लोकसंख्या आणि साथी येतात, हॉस्पिटल चालवणं नाही. तो चुकून घेऊन बसलेली दोन मुलं माझ्याकडे इंटर्न म्हणून आली होती, म्हणून सांगितलं.

पदवी शिकवते काय, हे मात्र सावकाश सांगतो, कारण निर्णय त्यावर घ्यायला हवा.

एमएचएच्या दुसऱ्या सहामाहीत मला एक प्रोजेक्ट मिळाला: डिस्चार्जला वेळ का लागतो. काउंटरवरच्या सात वर्षांत माझं मत पक्कं झालं होतं की सिस्टर लोक फाइली उशिरा पाठवतात आणि नातेवाइकांच्या शिव्या आम्ही खातो. सरांनी सांगितलं, मत बाजूला ठेव, घड्याळ घे आणि एका फाइलच्या मागे चाल. मी चाललो. सकाळी ९:४० ला राउंडवर डॉक्टर म्हणाले, "यांना आज सोडा." ११:२५ ला आरएमओची, म्हणजे निवासी डॉक्टरांची, डिस्चार्ज समरी लिहून झाली. सिस्टरने उरलेली औषधं मोजून परतीच्या फॉर्मवर लिहिली, १०-१५ मिनिटं. मग फाइल वॉर्डातच काउंटरवर पडून. का? तर वॉर्डातले मामा, म्हणजे वॉर्डबॉय, चार फाइली झाल्याशिवाय खाली जात नव्हते. आळस नव्हता तो. लिफ्ट एकच, तीही स्ट्रेचरला द्यावी लागायची, आणि मामांचे गुडघे गेलेले. फाइली खाली पोचल्या १२ च्या सुमारास, तर फार्मसी साडेबारापर्यंत परतीची औषधं घेतच नव्हती. त्यांचंही खरं होतं. सकाळची ओपीडीची रांग बाहेर रस्त्यापर्यंत आणि खिडकीत माणसं दोन. बिलिंगला फाइल आली १:५० ला. पेशंटचा मुलगा खाली जीपवाल्याशी हुज्जत घालत होता, कारण जीप ११ ची ठरवली होती.

चार तास गेले आणि दोष एकाचाही नाही. मी सात वर्षं ज्यांना नावं ठेवली त्या सिस्टरची यातली फक्त १०-१५ मिनिटं! उपाय साधा निघाला. उद्या जाणाऱ्यांची यादी आदल्या संध्याकाळी करायची आणि त्यांची जादा औषधं रात्रीच परत करायची, तेव्हा फार्मसी रिकामी असते. पण तो उपाय वॉर्डच्या हातात नव्हता, फार्मसीच्याही नव्हता. दोघांच्या मधल्या जागेत तो होता, आणि त्या मधल्या जागेचा मालक म्हणजेच ॲडमिनिस्ट्रेटर. लीडरशिपच्या पेपरात बरंच काही येतं, मोठमोठ्या थिअऱ्या येतात. मला मात्र एवढंच उरलं.

आज हाच प्रोजेक्ट केला तर त्यात विमा येईल. विमा नियामकाने २९ मे २०२४ च्या परिपत्रकात कॅशलेसच्या पहिल्या मंजुरीला एक तास आणि डिस्चार्जच्या वेळच्या अंतिम मंजुरीला तीन तास अशी मुदत घातली. त्याहून उशीर झाला आणि त्यामुळे हॉस्पिटलने जादा पैसे लावले, तर ते विमा कंपनीने सोसायचे. लोक खूश झाले. पण हे तीन तास हॉस्पिटलने विनंती पाठवल्यापासून मोजतात. त्याआधी फाइल मामांच्या ट्रेमध्ये दोन तास पडली असेल, तर ते दोन तास कुणाच्या परिपत्रकात नाहीत. ते तुमच्या वॉर्डात आहेत आणि तुम्हाला ते आजही दिसत असणार.

दुसरं उदाहरण माझ्या चुकीचं. वर्गात साठ्याच्या व्यवस्थापनासाठी दोन गाळण्या शिकवतात. एबीसी म्हणजे पैशाच्या हिशेबाने: मोजक्याच वस्तू एकूण खर्चाचा मोठा वाटा खातात, त्या ए. आणि व्हीईडी म्हणजे गरजेच्या हिशेबाने: जिवावर बेतणाऱ्या, आवश्यक, आणि असली तर बरी. ॲड्रेनलिनचं अँप्युल एबीसीत सगळ्यात खालच्या सी गटात जातं, इतकं स्वस्त. व्हीईडीत ते पहिल्या गटात. स्टोअरवाल्याला पहिली गाळणी पाठ असते, तुम्हाला दुसरी. रोज सकाळी क्रॅश कार्ट, म्हणजे तातडीच्या औषधांची गाडी, तपासताना तुम्ही व्हीईडीच करत असता, फक्त कुणी तुम्हाला ते नाव सांगितलेलं नसतं. दोन्ही गाळण्या एकमेकींवर ठेवता येणं हे या शिक्षणाचं काम.

मला ते ठेवता येतं अशी घमेंड होती. एका हॉस्पिटलात असताना सलाईनवर कंपनीची स्कीम आली, मोठी ऑर्डर दिली तर चांगली सूट. मी सही केली. बचत कागदावर दिसली, ट्रस्टींनी मीटिंगमध्ये कौतुकही केलं. त्यानंतर काही आठवड्यांनी, ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे, भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. राज्यभर हॉस्पिटलांची फायर ऑडिट सुरू झाली. आमच्याकडे ऑडिटर आले, दुसऱ्या मजल्यावर इमर्जन्सीचा दरवाजा कुठे म्हणाले. दरवाजासमोर सलाईनची खोकी, छातीपर्यंत. स्टोअरमध्ये जागा मावत नव्हती म्हणून तिथे रचलेली. खोकी हलवली तर दरवाजाला कुलूप, किल्ली वॉचमनकडे, वॉचमन लग्नाला गावी. त्या मजल्यावर तेव्हा १८ पेशंट होते. ऑडिटर काही बोलले नाहीत, त्यांनी फोटो काढला.

त्या मजल्याच्या इन-चार्ज सिस्टरने दोनदा तोंडी सांगितलं होतं की वाट अडते. स्टोअरला सांगितलं होतं. स्टोअरने मला सांगितलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं. हे तुम्हाला मुद्दाम लिहितोय. तुमच्यासारख्यांना दिसतं ते माझ्यासारख्यांना दिसत नाही, पण बोलणं तोंडी राहिलं की ते हवेत जातं. तेच दोन ओळींत, तारखेसह, इन्सिडेंट रिपोर्ट म्हणून आलं असतं, तर मला सही करून उत्तर द्यावं लागलं असतं. हॉस्पिटलांना दर्जाची मान्यता देणाऱ्या एनएबीएचच्या मानकांची दहा प्रकरणं आहेत, पहिली पाच पेशंटभोवतीची आणि पुढची पाच संस्थेभोवतीची. तुम्ही इन-चार्ज म्हणून पहिल्या पाचांत राहिला आहात. कोर्सने तुम्हाला उरलेल्या पाचांत नेऊन सोडलं पाहिजे: इमारत, माणसं, माहिती, गुणवत्ता, व्यवस्थापनाची जबाबदारी.

म्हणून कॉलेज निवडताना कॅम्पसचे फोटो आणि प्लेसमेंटचे आकडे बघून भुलू नका. थेट दोन गोष्टी विचारा. हॉस्पिटलमध्ये प्रत्यक्ष किती आठवडे बसवता? आणि कुठल्या विभागांत? वॉर्ड आणि ओपीडी फिरवून आणणार असतील तर तुमच्या काही उपयोगाचं नाही, ते तुम्ही त्यांना शिकवाल. बिलिंग, खरेदी, स्टोअर, मेडिकल रेकॉर्ड, सीएसएसडी (निर्जंतुकीकरणाचा विभाग), टीपीए डेस्क (विम्याचे दावे बघणारा), एचआर इथे बसवणार असतील तर पुढचं बोला. शक्य झालं तर मागच्या वर्षीच्या एखाद्या नर्सिंगच्या विद्यार्थिनीचा फोन नंबर मागा आणि तिला विचारा, "तुला कुणी प्रत्यक्ष हिशेबाची वही दाखवली का?" हो म्हणाली, तर ते कॉलेज चांगलं.

ऑनलाइनचं यातूनच ठरतं. कॉस्टिंग, कायदे, संख्याशास्त्र हे घरी बसून शिकता येतं, मुलगी झोपल्यावर रात्री शिकता येतं. फाइलमागे चालणं ऑनलाइन होत नाही. पण तुम्ही आधीच हॉस्पिटलात आहात हा तुमचा मोठा फायदा आहे, फ्रेशर पोरांना तो नसतो. तुमचं हॉस्पिटल तुम्हाला कोर्सच्या काळात दुसऱ्या विभागांत बसू देणार असेल, तर नोकरी करता करता होणारा कोर्सही पुरतो. टिसमध्ये नोकरदारांसाठी हॉस्पिटल ॲडमिनिस्ट्रेशनचा एक्झिक्युटिव्ह डिप्लोमा आहे. डिप्लोमा म्हणजे मास्टर्सची पदवी नव्हे, हे लक्षात ठेवून त्याच्याकडे बघा. आणि ऑनलाइन पदवी घ्यायचीच ठरवली तर विद्यापीठाला त्या कोर्सची यूजीसीची मान्यता त्या वर्षासाठी आहे का, हे यूजीसीच्या यादीत स्वतः तपासा. काउन्सेलरच्या शब्दावर नको.

आता ट्रस्टी. राजीनाम्याचा विचार करण्याआधी त्यांच्याशी एकदा बोला, पण "मला एमएचए करायचंय, मदत करा" असं नको. असं बोललात की ते "बघू" म्हणतात, आणि ट्रस्टच्या हॉस्पिटलातलं "बघू" काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको. काहीतरी हातात घेऊन जा. एक सुचवतो. तुमच्या वॉर्डात चॅरिटीचे बेड असतील. ते का आहेत ठाऊक आहे? मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार राज्यातल्या धर्मादाय हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. शिवाय बिलांच्या रकमेच्या २ टक्के वेगळ्या खात्यात टाकून त्यातून या रुग्णांचा खर्च भागवायचा, त्याला निर्धन रुग्ण निधी म्हणतात. अकाउंट्समध्ये सगळे 'आयपीएफ' म्हणतील. त्या निधीचा एका महिन्याचा हिशेब समजावून द्या, अशी अकाउंटंटना विनंती करा. चहा घेऊन जा, बरे असतात ते लोक, मीही त्यांच्यातलाच. मग तुमच्या वॉर्डातल्या चॅरिटीच्या पेशंटांना त्या महिन्यात काय काय लागलं ते शेजारी मांडा. कुठली औषधं बाहेरून आणायला लावली, समाजसेवा विभागाकडून कागद यायला किती दिवस गेले, महात्मा फुले योजनेत बसणारा पेशंट चुकून चॅरिटीत गेला का. हे शेवटचं फार होतं. योजनेतून पैसे मिळाले असते तिथे निधी खर्ची पडतो आणि खरा निर्धन माणूस पुढच्या महिन्यात ताटकळतो. एक पानाचा कागद करा आणि तो घेऊन ट्रस्टींना भेटा. कोर्सचा विषय त्या कागदानंतर काढा.

त्यावर ते काय म्हणतात त्यावरून तुम्हाला कळेल की परत यायला इथे खुर्ची आहे की नाही. खुर्ची असेल तर इथेच राहून कोर्स करा. ठराविक वर्षं काम करायच्या बदल्यात त्यांनी फी भरली तरी घ्या, फक्त बाँड लेखी आणि त्यातली वर्षं मोजून. खुर्ची नसेल तर दोन वर्षांचा पूर्णवेळ कोर्स मुंबई-पुण्यात करायचा आणि सांगली सोडायची तयारी ठेवायची. मुलगी पहिलीत आहे, मिस्टरांची नोकरी कुठे आहे ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून यात मी पडत नाही. एवढंच सांगतो की माझ्या दोन वर्षांत माझी आई आणि बायको नसती, तर मी आजही पावत्या फाडत असतो. कर्ज काढताना फीबरोबर न मिळालेला पगारही धरा, लोक तो विसरतात.

काहीही करा, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीचं नूतनीकरण सोडू नका. ॲडमिनिस्ट्रेटर झाल्यावर ती नोंदणी कशाला, असं एक-दोघी म्हणाल्या आणि नंतर पस्तावल्या. मीटिंगमध्ये सर्जन जेव्हा म्हणतो, "तुम्हाला वॉर्डातलं काय कळतं," तेव्हा माझ्याजवळ उत्तर नसतं. तुमच्याजवळ आहे. आणि हो, त्या 'सिस्टर' हाकेचं फार मनावर घेऊ नका. माझ्या ओळखीच्या एक युनिट हेड आहेत, अडीचशे खाटांचं हॉस्पिटल चालवतात, जुने डॉक्टर त्यांना अजून सिस्टरच म्हणतात. खरेदीच्या फाइलवर सही मात्र त्यांचीच लागते.

आता एक काम. उद्या ड्युटीला गेलात की डिस्चार्ज ठरलेला कुठलाही एक पेशंट निवडा. डॉक्टरांनी तोंडातून "सोडा" काढल्यापासून पेशंट गाडीत बसेपर्यंत फाइल कुठे कुठे थांबली आणि किती वाजता हलली, ते हँडओव्हरच्या वहीच्या मागच्या पानावर लिहा. वॉर्डाबाहेर गेल्यावर कुणाला विचारावं लागलं, तेही लिहा. असे पाच पेशंट झाले की त्या वेळा इथे टाका, मग कोर्सचं पुढचं बोलू.